समुद्रासारखं चित्र, चित्रासारखा समुद्र : प्रकल्प नोंदी

रेखा व रंगकला, अंतिम वर्ष. सौंदर्यशास्त्राचा सत्र प्रकल्प. आजची आणि जवळच्या काळातली चित्रं पाहताना, तसंच निसर्गात वावरताना मला स्वतःला काय होतं ते तारीखवार लिहायचं. परीक्षण नको, पुस्तकातली वाक्यं नकोत, एवढीच अट.

8 जानेवारी 2023, रविवार. अक्षी

सुट्टीचा शेवटचा दिवस. उद्या सकाळच्या लाँचने मुंबईला जायचं आहे, म्हणून पहिली नोंद घरूनच, अलिबागजवळच्या अक्षीतून करते.

आज पौष वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्याकडे शाळकरी पोरंही तोंडी करतात. द्वितीया म्हणजे दीडच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार आणि साडेसातला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. साडेपाचला सुरूच्या बनातून खाली उतरले तेव्हा पाणी अर्ध्याहून जास्त मागे गेलं होतं. कुरव पक्ष्यांचा मोठा थवा कडेला बसला होता, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. सूर्य बुडेपर्यंत थांबले. हे दृश्य एखाद्या चित्रासारखं होतं. आकाशात केशरी आणि जांभळ्या रंगांची उधळण झाली होती, जणू कुणी मोठा कुंचला फिरवला असावा. मन भरून आलं.

12 जानेवारी, गुरुवार. मुंबई

मॅडमनी पहिली नोंद वाचून तीन ठिकाणी पेन्सिलने गोल केले. ‘चित्रासारखं’, ‘उधळण’, ‘कुंचला’. मी विचारलं, चुकलं का? त्या म्हणाल्या, “चुकलं नाही. पण कोणत्या चित्रासारखं?”

मला एकही चित्र सांगता आलं नाही. वसतिगृहावर येऊन बराच वेळ आठवून पाहिलं. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच चित्रात तसं आकाश नाही. मग मी तुलना कशाशी केली? शाळेत चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र म्हटलं की आम्ही सगळे दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढायचो. खिडकीतून समुद्राची गाज ऐकू यायची, आणि रोज संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना आम्ही पाहत होतो, तरी. ते डोंगर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत असं वाटतं.

त्या नोंदीतलं एकच वाक्य माझं आहे: सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. वाऱ्याकडे पाठ केली तर पक्ष्यांची पिसं उलटी फुलतात, म्हणून ते तसे बसतात. हे बाबांनी मी सहासात वर्षांची असताना दाखवलं होतं.

17 जानेवारी, मंगळवार. मुंबई, ग्रंथालय

नसरीन मोहम्मदी यांच्या चित्रांचा जाडजूड कॅटलॉग मिळाला. आधी फक्त नाव ऐकलं होतं. जन्म 1937, कराची. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये, नंतर काही काळ पॅरिस. 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. शेवटची ओळ वाचून मी पान उघडं ठेवून तशीच बसले: मृत्यू 1990, किहीम.

किहीम! आमच्या अक्षीहून एसटीने तासाभराच्या आत. त्या किनाऱ्यावर मी शाळेच्या सहलीला गेले आहे. तिथे डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता, ते शिक्षकांनी सांगितलं होतं. एवढी मोठी चित्रकार तिथे राहिली आणि गेली, हे मात्र कुणीच बोललं नव्हतं.

बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. कागद, शाई, पेन्सिल. सुरुवातीच्या चित्रांत झाडं, पाणी यांच्या खुणा ओळखू येतात. पुढे पुढे सगळं गळून जातं आणि उरतात सरळ रेषा. आडव्या, तिरक्या. काही एकमेकींना खेटून, काही दूर दूर, काही इतक्या फिकट की त्या छापल्या गेल्यात की कागदाचा दोष आहे ते कळू नये. मी लिहिलं: “या रेषा ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटणाऱ्या रेषांसारख्या आहेत. चित्रकार किहीमच्या किनाऱ्यावर चालत असणार आणि तिने समुद्रच कागदावर उतरवला.” लिहून झाल्यावर फार समाधान वाटलं.

20 जानेवारी, शुक्रवार. मुंबई

आज गोल नाही. मॅडमनी दोन्ही नोंदी समोर ठेवल्या आणि बोट फिरवत म्हणाल्या, “इथे समुद्र चित्रासारखा. इथे चित्र समुद्रासारखं. मग तू पाहिलंस काय?”

मी म्हटलं, पण नसरीन किहीमला होत्या, हे खरं आहे. मॅडम म्हणाल्या, खरं आहे, पण त्याने तिची रेषा वाळूची होत नाही. तिच्या कागदावर वाळू आहे का, ते कागदाला विचार. वाळू तुझ्या डोक्यातून आली असेल तर तेही लिही, फक्त तिच्या नावावर टाकू नकोस.

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. समुद्रकाठच्या मुलीला रेषांत समुद्र दिसला यात गैर काय? पण दुसरीकडे हेही कळतंय की मी दीड मिनिटात त्या चित्रांमधून बाहेर पडून माझ्या घरी जाऊन बसले होते.

निघताना त्यांनी आणखी एक नाव दिलं. प्रभाकर बरवे, जन्म 1936, नागाव. नागाव म्हणजे आमच्या अगदी शेजारचं गाव. मी विचारलं, हे दोघे ‘समकालीन’ धरायचे का, दोघांनाही जाऊन तीसेक वर्षं झाली (बरवे 1995 साली गेले). त्या म्हणाल्या, आजचंही एक काम घे, पण यांना सोडू नकोस.

22 जानेवारी, रविवार. किहीम

काल अमावास्या होती, म्हणून आज पाणी लांबवर जाणार हे नक्की होतं. शुद्ध प्रतिपदा, पाऊण वाजता भरती, पावणेसातला सुकती. दुपारीच एसटीने गेले. नियम ठरवला: ‘सारखं’ हा शब्द वापरायचा नाही. ‘जणू’सुद्धा नाही.

पहिला अर्धा तास काहीच लिहिता आलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. शब्द काढून घेतल्यावर डोळेही बंद पडतात की काय अशी भीती वाटली. मग खाली बसले आणि समोरच्या हातभर वाळूकडे पाहिलं.

वाळू दोन रंगांची आहे. करडी आणि काळी. काळी वाळू सगळीकडे विखुरलेली नसते, तिच्या बारीक रेषा असतात. पाणी मागे जाताना जिथे छोटा खडा किंवा शिंपला अडवतो तिथून ती रेषा दुभंगते आणि खडा ओलांडून पुन्हा एक होते. मी एक रेषा धरून चालत गेले. चौदा पावलांवर ती संपली, पण संपली ती तुटून नाही, पातळ होत होत. नेमकी कुठे संपली ते दाखवता येणार नाही.

चिमूटभर काळी वाळू कागदाच्या पुडीत घेतली. घरी आल्यावर भावाच्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यावर धरलं. काळे कण उडून चिकटले, करडे तसेच राहिले! आपले डोंगर बेसॉल्टचे, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि ते वाळूपेक्षा जड. परतणारं पाणी हलके कण ओढून नेतं आणि जड मागे सोडतं. म्हणजे ती रेषा कुणी ओढत नाही. बाकीचं निघून गेल्यावर जे राहतं ती रेषा.

हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं वही मिटून बसले. मग उठून आईला चुंबक दाखवलं. तिनेही चार वेळा करून पाहिलं.

29 जानेवारी, रविवार. अक्षी

अष्टमी, म्हणजे भांग. पाणी धड भरत नाही, धड सुकत नाही, आणि त्याला ओढ नसल्याने डोल जाळी लावून उपयोग नसतो. हे दिवस दुरुस्तीचे. काकांची होडी गेल्या अमावास्येच्या उधाणाला वर घेतली आहे. रंगकाम एरवी नारळी पौर्णिमेच्या आधी होतं, पण एक फळी बदलावी लागली म्हणून या वेळी मध्येच काढलं.

काका पत्र्याने जुना रंग खरवडत होते. मी दुसरा पत्रा घेतला. वरचा निळा निघाला की खाली हिरवा, मग पांढरा, मग पुन्हा निळा पण वेगळा, मग केशरी. प्रत्येक थर एका वर्षाचा. केशरी कोणत्या वर्षीचा ते काकांनी लगेच सांगितलं, त्या वर्षी माझ्या आत्याचं लग्न झालं होतं.

नवा हात देताना एक गोष्ट नीट पाहिली. हा ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल, ब्रशने लावताना केसांचे ओरखडे दिसतात आणि थोड्या वेळात रंग स्वतःच पसरून ते बुजवतो. हाताची खूण उरत नाही. मी टर्पेंटाइन जरा जास्त टाकलं तर काका म्हणाले, “पातल केलास तं व्हावंल गो.” आणि खरंच, रंग फळीवरून ओघळून खाली कडेला जाड दोरी होऊन थांबला.

हे सगळं लिहिण्याचं कारण: बरवे यांची सत्तरच्या दशकापासूनची पुष्कळ चित्रं कॅनव्हासवर इनॅमलची आहेत. काल रात्री वाचलं. होडीचा रंग!

नागावात दोनतीन घरी बरवे यांच्याबद्दल विचारलं. एका आजोबांना आडनाव ओळखीचं वाटलं, चित्रं कुणी पाहिली नव्हती. मीही अजून पाहिलेली नाहीत, छापील सोडून.

2 फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई

फोर्टमधल्या एका गॅलरीत जुन्या चित्रांच्या प्रदर्शनात बरवे यांचं एक चित्र आहे असं मैत्रिणीने कळवलं. तास बुडवून गेले.

मी समोर उभी न राहता आधी बाजूला गेले, भिंतीला गाल लावून, तिरकं पाहायला. चकाकी तिथेच कळते. रखवालदार काका म्हणाले, जरा लांबून बघा. मी त्यांना सांगितलं की आमच्या होडीला हाच रंग लावतो. ते हसले, पण उभं राहू दिलं.

चित्रात एक पान आहे. खाली थोडं बाजूला आणखी एक वस्तू, शंखाकडे झुकणारा आकार. बाकी करडी, धुरकट पोकळी. रंग फार पातळ लावला आहे आणि कडेकडेला तो गोळा होऊन बारीक गडद कड तयार झाली आहे, ती मी परवाच फळीवर पाहिली होती. इथपर्यंत ओळख झाली. पण ओळख पटल्यावर मी थांबले, कारण आता खरं काम सुरू करायचं होतं. काय वेगळं आहे?

होडीचा रंग लाकूड आणि खारं पाणी यांच्या मध्ये उभा राहण्यासाठी असतो. त्याच्याकडे कुणी पाहो न पाहो, त्याचं काम चालू असतं. हा रंग काही अडवत नाही. तो इतका पातळ आहे की मागचा कॅनव्हास श्वास घेतोय असं वाटतं. दुसरं, पानाला देठ आहे, शिरा आहेत, पण ते कुठल्याच झाडाचं नाही आणि कुठे पडलेलंही नाही. तिसरी गोष्ट कळायला पंधरावीस मिनिटं गेली. मी अस्वस्थ होते आणि का ते समजत नव्हतं. मग लक्षात आलं, माझे डोळे सारखे एक आडवी ओळ शोधत होते. क्षितिज. मी जन्मापासून जिथे उभी राहते तिथून समोर क्षितिज असतंच. या चित्रात ते नाही. वस्तू आहेत, त्यांच्यामध्ये अंतर आहे, पण जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं हे ठरलेलं नाही. ज्या माणसाचा जन्म नागावचा, त्याने क्षितिज काढून टाकलं.

(हे शेवटचं वाक्य मी कापणार होते. त्यांनी ते का केलं हे मला ठाऊक नाही, आणि नागावशी त्याचा संबंध मी जोडतेय. पण ठेवते, माझं म्हणून.)

बाहेर आले तर काळा घोडा चौकात महोत्सवाची तयारी चालली होती, बांबू, पत्रे, रंगाचे डबे. तिथून गेटवेपर्यंत चालत गेले आणि कठड्याशी उभी राहिले. क्षितिज होतं, उरणच्या बाजूला धुक्यात बुडालेलं. पहिल्यांदाच ते मला कुणीतरी निवडून ठेवल्याप्रमाणे दिसलं. नेहमीचं असूनही.

5 फेब्रुवारी, रविवार. अक्षी

माघ पौर्णिमा. सहाच्या सुमाराला सुकती. आज्जी तिसऱ्या (वाळूतले खाण्याचे शिंपले) काढायला निघाली, मी तिच्या मागे. तिची पाटी, तिचा विळा, माझी वही.

आज्जी वाळूकडे पाहते ते माझ्या पाहण्यापेक्षा वेगळं आहे. तिला दोन बारीक भोकं जवळजवळ दिसली की खाली तिसरी आहे हे कळतं. एकच भोक असेल तर ती पुढे जाते. “हलू चाल गो, पलतील ती,” म्हणाली. मी विचारलं, आज्जी, तुला हा किनारा आवडतो का? तिने वर न बघता सांगितलं, पौर्णिमेचा आवडतो. आणि मग स्वतःहूनच, कमरेवर हात ठेवून उभी राहून, चंद्र वर येईपर्यंत पूर्वेला सुरूच्या शेंड्यांकडे पाहत राहिली. पाटी अर्धीच भरली होती. तिला घाई नव्हती. सौंदर्याचा आणि पोटाचा विचार वेगवेगळा असतो असं आम्ही वर्गात शिकतो. तिच्या उभं राहण्यात मला तो वेगळा दिसला नाही.

तिच्यापासून थोड्या अंतरावर मी खेकड्यांपाशी बसले. हे नखाएवढे खेकडे असतात, इंग्रजीत त्यांना सँड बबलर म्हणतात. पाणी उतरलं की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. एक गोळी, दुसरी, तिसरी. बिळाभोवती ओळीच ओळी, मधून बाहेर जाणाऱ्या. पण एक वाट मोकळी ठेवलेली, सरळ बिळापर्यंत. माझी सावली पडली तसा खेकडा त्याच वाटेने आत पळाला.

हात लिहायला गेला: रांगोळी. थांबवला. रांगोळी उंबऱ्यापुढे पाहणाऱ्यासाठी काढतात. ही कुणासाठीच नाही. हे जेवणानंतरचं उष्टं आहे, आणि त्याची मांडणी भुकेने आणि भीतीने केली आहे. हे कळल्यावर ती जास्तच देखणी वाटली. भरतीने ती पुसली जाते आणि बारा तासांनी खेकडे पुन्हा काढतात, त्याही वेळी जपून ठेवण्याचा विचार नसतो.

आज एक पद्धत सापडली असं वाटतंय. साम्य मनात येणारच, ते अडवायचं नाही. ते एका ओळीत लिहून टाकायचं आणि मग खाली फरक लिहायला बसायचं.

9 फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई

आजच्या काळातलं काम. एका तरुण कलाकाराचं मांडणशिल्प, फोर्टमध्येच. छतापासून जमिनीपर्यंत मासेमारीची जाळी टांगलेली, आतून दिवे, भिंतींवर सावल्या. लोक फोटो काढत होते.

मला हे अजिबात आवडलं नाही. आत गेल्या गेल्या जाणवलं, वास नाही. जाळ्याला वास असतो. माशाचा, मिठाचा, ओल्या नायलॉनचा, डिझेलचा. तो आमच्या अंगणाला आहे, बाबांच्या शर्टाला आहे, मुंबईत पहिल्या वर्षी मी माझ्या कपड्यांना तो येतो का हे हुंगून पाहत असे. इथे जाळं आहे आणि कष्ट धुऊन काढले आहेत. खोटं आहे हे. दहा मिनिटांत बाहेर पडले.

15 फेब्रुवारी, बुधवार. मुंबई

मॅडम म्हणाल्या, राग आला ना, मग परत जा. गेले. दुपारची वेळ, कुणी नव्हतं.

या वेळी एकाच जाळ्यासमोर उभी राहिले आणि वरपासून खाली पाहत आले. डोक्याच्या उंचीवर एक जागा दिसली जिथे निळ्या जाळ्यात हिरवा दोरा आहे. सातआठ आस, म्हणजे जाळ्याची घरं, हिरव्या दोऱ्याने विणलेले. खाली आणखी एक ठिगळ, पांढऱ्या दोऱ्याचं, गाठी जरा मोठ्या. वेगळ्या हाताच्या. मग तशी ठिकाणं दिसतच गेली. हे जाळं वापरलेलं आहे. ते फाटलं, कुणीतरी रात्री बसून सांधलं, पुन्हा फाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांधलं. तिथल्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं की सगळी जाळी कोळीवाड्यांतून जुनी विकत घेतली आहेत. आणि दिवे असे लावले आहेत की सावलीत ठिगळांच्या गाठी जाड दिसतात. भिंतीवरच्या सावल्यांत सगळ्यात ठळक काय आहे? सांधलेल्या जागा. गेल्या गुरुवारी मी सावल्यांकडे पाहिलंच नव्हतं.

9 तारखेची नोंद खोडत नाही. ती माझीच आहे आणि वास नव्हता हेही खरंच आहे. पण ‘खोटं’ हा शब्द मी कामाकडे न पाहता वापरला. मी माझं अंगण तिथे नेलं आणि ते तिथे सापडलं नाही म्हणून रागावले. 17 जानेवारीला नसरीनच्या कागदावर समुद्र सापडला म्हणून खूश झाले होते, तीच चूक उलट्या बाजूने.

18 फेब्रुवारी, शनिवार. कनकेश्वर

महाशिवरात्र. घरचे सगळे कनकेश्वरला. सातशेच्या आसपास दगडी पायऱ्या, चढताना आईला तीनदा बसावं लागलं. गर्दी, बेलपत्रांचा वास, उसाचा रस.

एका वळणावर गर्दी जरा विरळ झाली तेव्हा थप् असा आवाज आला. काटेसावरीचं फूल पायरीवर पडलं होतं. लाल, जाड पाकळ्यांचं, हातात घेतलं तर वजन लागतं. फूल पडल्याचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघी, मी आणि माझी चुलतबहीण, दुसरं पडेपर्यंत उभ्या राहिलो. बराच वेळ लागला. पडलं.

वरून किनारा दिसतो, पण आज त्याबद्दल लिहायला काही नाही.

22 फेब्रुवारी, बुधवार. मुंबई

नसरीनकडे परत. या वेळी पुस्तक न उघडता आधी काढायला बसले. कार्ट्रिज कागद, टी स्क्वेअर, रुलिंग पेन, काळी शाई. ठरवलं: शंभर आडव्या रेषा, वरून खाली अंतर कमी करत जायचं.

रुलिंग पेनच्या दोन पात्यांत शाई भरायची, स्क्रूने जाडी ठरवायची, आणि एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की तिथे शाईचा ठिपका साठतो. जोर बदलला की रेषा जाड होते. पहिल्या अकरा रेषांत एकही धड नव्हती. तिसाव्या रेषेच्या सुमाराला कळलं की मी प्रत्येक रेषेला श्वास रोखतेय, आणि रेषा थरथरते ती श्वास सोडण्याच्या क्षणी. साठाव्या रेषेला मनगट दुखायला लागलं. पहाटे दोनला शंभर झाल्या.

नसरीनना शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेचा आजार होता, हातापायांवरचा ताबा जात चालला होता. त्या काळातल्या त्यांच्या रेषा काटेकोर आहेत. हे मी जानेवारीत वाचलं होतं आणि पुढे गेले होते. आज माझ्या धडधाकट हाताने काढलेल्या शंभर रेषा समोर असताना पुन्हा वाचलं आणि कॅटलॉगमधल्या त्या पानावर हात ठेवून बसून राहिले.

26 फेब्रुवारी, रविवार. अक्षी

तो कागद घेऊन घरी आले. बाबा ओटीवर जाळं विणत होते. एका हातात सुई, दुसऱ्या हातात बांबूची पट्टी. दोरा पट्टीवरून घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. पट्टीच्या रुंदीवर आस ठरतो, म्हणून प्रत्येक आस सारखा येतो. मी माझा कागद त्यांच्या शेजारी ठेवला.

साम्य, एका ओळीत: दोन्हींत एकच माप पुन्हा पुन्हा घेतलं आहे.

फरक. बाबांची रेषा गाठीपाशी थांबते, वळते, परत येते. तिला सुरुवात आहे आणि ती कशालातरी बांधलेली आहे. नसरीनची रेषा कागदाच्या कडेपर्यंत जाते आणि ती पुढेही जात असावी असं वाटतं, फक्त आपला कागद संपला. जाळ्यात रिकामी जागा मोजून ठेवलेली असते, लहान मासा सुटावा आणि मोठा अडकावा एवढी. तिच्या चित्रात रेषांमधली जागा बदलत जाते, दाट होते, विरळ होते, आणि काहीच पकडत नाही. डोळा आत जातो आणि अडकत नाही. त्याला परत यावं लागतं ते स्वतःहून.

आणि वाळूची काळी रेषा? ती जड कण मागे राहिल्याने होते, तिला कुणी काढत नाही. नसरीनची रेषा कुणीतरी काढली आहे, एका दमात, पात्यांत शाई भरून. तिच्या रेषेमागे निर्णय आहे. किहीमला त्या पाण्याकडे पाहत असतील, त्यांनी समुद्राचे, पाण्याचे, हातमागावरच्या धाग्यांचे फोटोही काढले होते आणि हयातीत ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. पण कागदावर बसल्यावर त्यांनी समुद्र उतरवून घेतलेला नाही. कागदावर त्यांना जे लागत होतं ते त्यांनी तिथेच शोधलं. 20 जानेवारीच्या माझ्या रागाला हे उत्तर आहे.

बाबांनी विचारलं, शंभर आहेत का? त्यांनी मोजल्या. नव्याण्णव निघाल्या. मग त्यांनी सुईच्या टोकाने सत्तेचाळिसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्याच्या मधलं अंतर दाखवलं, तिथे एक सुटली होती. मला दिसली नव्हती.

5 मार्च, रविवार. अक्षी

प्रकल्प धुळवडीनंतर द्यायचा आहे. सोबत जोडायची तीन चित्रं तयार आहेत. दोन कागदावर शाईची. तिसरं जुन्या फळीच्या तुकड्यावर, काकांच्या उरलेल्या इनॅमलचं, खरवडून काढलेलं. एकातही समुद्र काढलेला नाही. फळीच्या तुकड्यात केशरी थर एका ठिकाणी तेवढा उघडा ठेवला आहे.

आज त्रयोदशी, चारला सुकती. ऊन होतं तरी गेले. ओल्या वाळूत टाचेने एक सरळ ओळ ओढली, कोरड्या वाळूपासून पाण्यापर्यंत, तीसएक पावलं. ओढतानाच मागे तिच्यात पाणी पाझरायला लागलं. आधी कडा ओल्या झाल्या, मग ढासळल्या, मग तळ भरत आला. पाण्याजवळचं टोक सगळ्यात आधी गेलं. कोरड्या बाजूचं टोक टिकलं, तिथे टाचेच्या शिवणीचा ठसासुद्धा दिसत होता. मधल्या भागात काळे कण खाचेच्या एका बाजूला गोळा झाले, दक्षिणेकडच्या. वारा उत्तरेकडून होता. वाऱ्याने की पाझरणाऱ्या पाण्याने, ते ठरवता आलं नाही, म्हणून दुसरी ओळ थोडी तिरकी ओढून पाहिली. तिच्यातही दक्षिणेकडेच.

कुरव आता थोडेच उरलेत, बहुतेक परत गेले. जे होते ते माझ्या दोन्ही ओळींच्या पलीकडे बसले होते, वाऱ्याकडे तोंड करून. तिसरी ओळ ओढायला उठले तेव्हा पाणी फिरलं होतं. पहिल्या ओळीचं टोक शोधून काढलं आणि तिथूनच सुरू केलं.